आमच्या परसातली सर्पगंधा आणि तिचा इतिहास

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीस बाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही आणि माहेरची पत्रे यांपलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात एक गोष्ट घडली, तिच्यामुळे मला एका मुळीचा इतिहास समजून घ्यावासा वाटला. माझी थोरली मुलगी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेते. तिने पुस्तकांतून वाचून दाखविले, मी स्वयंपाक करता करता ऐकले आणि वहीत टिपून ठेवले. तेच आज भगिनींपुढे ठेवीत आहे. चूकभूल सांभाळून घ्यावी.

माझे माहेर कोकणातले. आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली एक लहानशी झुडुपाची जात होती. उंची जेमतेम दोन-अडीच फूट, एकेका पेरावर तीन-तीन पाने, पांढऱ्या फुलांचे झुबके आणि त्या फुलांचे देठ मात्र लालचुटूक. फळे आधी हिरवी, पिकली की काळीजांभळी. आजी तिला अडकई म्हणायची. पुस्तकात तिचे नाव सर्पगंधा. कण्हेर आणि सदाफुली यांच्याच कुळातली ही वनस्पती. "हे झाड दारी असले की जनावर फिरकत नाही," असे आजी सांगे. (आमच्याकडे रात्री सापाचे नाव घेत नसत, जनावर म्हणत.) मुळी उगाळून ठेवलेली असे. मी लहानपणी एकदा चाटून पाहिली होती, ती कडू चव अजून जिभेवर आहे.

सापाशी हिचे नाते फार जुने. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत सर्पगंधा, नाकुली ही नावे सर्पविषाच्या प्रसंगी येतात. नाकुली म्हणजे मुंगसाशी संबंध असलेली. मुंगूस सापाशी लढण्यापूर्वी एक मुळी खाते आणि मग त्याला विष बाधत नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. मला वाटे ही आपल्या आजीबाईंचीच गोष्ट. पण ती साडेचारशे वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकातही आहे, आणि ते पुस्तक छापले गेले गोव्यात! गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. त्याने इथल्या वैद्यांना, हकिमांना आणि व्यापाऱ्यांना विचारून इथल्या औषधींवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यात प्रसिद्ध झाला. त्यात सापावरच्या मुळ्यांचे एक प्रकरण आहे, आणि सिंहलद्वीपातल्या मुंगसाची हीच गोष्ट त्यात सांगितली आहे. त्यातली एक मुळी म्हणजे आपली सर्पगंधा, असे अभ्यासक मानतात.

इंग्रजी पुस्तकांत या झाडाचे नाव रॉवोल्फिया असे आहे. ते मला फार चमत्कारिक वाटले, म्हणून मुलीला विचारले. लिओनहार्ट राउवोल्फ हा जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावचा वैद्य. १५७३ ते १५७६ या काळात तो वनस्पतींच्या शोधात अलेप्पो, बगदादकडे फिरला. हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी, १७०३ साली, प्लुमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या सन्मानार्थ या जातीला त्याचे नाव दिले. ज्याने आपली मुळी डोळ्यांनी पाहिली नाही त्याचे नाव तिला लागले, आणि जिने पिढ्यान्‌पिढ्या उगाळली तिचे नाव कुठेच नाही. असो.

साप-विंचवापलीकडे या मुळीचा खरा उपयोग बिहार-बंगालकडच्या लोकांना माहीत होता. तिकडे भ्रमिष्ट झालेल्या, झोप न येणाऱ्या, आरडाओरडा करणाऱ्या माणसाला ही मुळी देत. बिहारात तिचे नावच 'पागल की दवा' पडले होते. म्हणजे मन शांत करणारी आणि झोप आणणारी मुळी, ही ओळख लोकांत होतीच. प्रयोगशाळेने ती पुढे पडताळून पाहिली.

१९३१ हे साल या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलिमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी या मुळीतून निरनिराळी द्रव्ये स्फटिकरूपात वेगळी काढली. ते कॉलेज उभारणारे हकीम अजमलखान १९२७ साली वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ एका द्रव्याचे नाव 'अजमलिन' ठेवले. हे अजमलिन पुढे हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात उपयोगी पडले. त्याच १९३१ साली कलकत्त्याचे महामहोपाध्याय गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधा हे नवे भारतीय औषध आहे, असे त्यांनी त्यात मांडले. गणनाथ सेन हे कविराज, म्हणजे वैद्य, आणि शिवाय डॉक्टरी शिकलेले. दोन्ही विद्या एकाच माणसात नांदत होत्या, म्हणूनच त्यांना हे सुचले असावे. १९३३ साली कलकत्त्यातच डॉ. रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी या मुळीची प्रयोगशाळेत तपासणी केली आणि तिच्या अर्काने रक्तदाब उतरतो हे दाखविले.

रक्तदाब वाढला तर गोळी घ्यायची, हे आज आपल्याला साधे वाटते. पण त्या काळी जगात कुठेच त्यावर सोपे औषध नव्हते. मीठ तोडायचे, नुसत्या भातावर राहायचे, नाहीतर पाठीतल्या मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करायची, एवढेच उपाय होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचा रक्तदाब कितीतरी दिवस वाढलेला होता. एवढ्या मोठ्या देशाच्या प्रमुखाला देण्यासारखे धड औषध त्यांच्या डॉक्टरांजवळ नव्हते. त्याच वेळी कलकत्त्याच्या वैद्यांच्या कपाटात ही मुळी होती!

जगाने ही गोष्ट ऐकली ती मात्र आपल्या मुंबईतून. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ, जन्म १९११ चा. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या. प्रत्येकाचा रक्तदाब वेळोवेळी मोजला, नोंदी ठेवल्या, कोणाला काय त्रास झाला तेही लिहून ठेवले. बहुतेकांचा दाब उतरला. हा निबंध १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या इंग्लंडमधल्या मासिकात छापून आला. तोपर्यंत आपल्याकडच्या लोकांनी लिहिलेले आपल्याकडेच राहत होते. हा निबंध परदेशच्या डॉक्टरांनी वाचला, मुळ्या मागविल्या आणि स्वतः करून पाहिले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी आपल्या सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७४ साली ते वारले.

पुढची पावले भराभर पडली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथील सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य गुणकारी अंश वेगळा काढला. त्याचे नाव रिसर्पिन. १९५४ साली न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णालयातल्या रोग्यांना तो देऊन पाहिला आणि पुष्कळ जण शांत झाल्याचे सांगितले. आपल्या बिहारी बायाबापड्या जे सांगत होत्या तेच हे. १९५६ साली अमेरिकेचे वुडवर्ड यांनी मुळीशिवाय, प्रयोगशाळेतच रिसर्पिन घडविले. १९६७ साली अमेरिकेत १४३ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांचा दाब फार वाढलेला होता. निम्म्यांना रिसर्पिन आणि सोबत आणखी दोन औषधे दिली, निम्म्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर धोका झाला, खरे औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना. वाढलेला रक्तदाब उतरविला तर माणूस वाचतो, हे या चाचणीने पक्के झाले. आपल्याकडेही रिसर्पिन असलेली अॅडेल्फेन नावाची गोळी पुष्कळ वर्षे चालली. वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांच्या उशाशी ती असे.

इथपर्यंत वाचून कोणालाही अभिमान वाटेल. मलाही वाटला. पण आता आमच्या घरची गोष्ट सांगते.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, दहा वर्षे रक्तदाब आहे. डॉक्टरांची एक गोळी रोज चालू होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका बाईंनी सांगितले, "गोळ्यांनी शरीर पोखरते. आठवडी बाजारात सर्पगंधेचे चूर्ण मिळते, झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?" मला माहेरची अडकई आठवली. आजीची आठवण झाली. मी स्वतः जाऊन चूर्णाची पुडी आणली. रोज रात्री अर्धा चमचा चूर्ण दुधातून आईंना देऊ लागले. गोळीही चालूच होती. डॉक्टरांना सांगायचे काही मनात आले नाही. झाडपाला तो, त्यात काय सांगायचे?

पहिले काही दिवस आईंना छान झोप लागली. मी समाधानात. मग नाक चोंदू लागले, आम्ही सर्दी समजून वाफ दिली. मग त्या दिवसाही पेंगू लागल्या. देवपूजा चुकू लागली. ज्या बाईने चाळीस वर्षांत तुळशीला पाणी घालायचे चुकविले नाही, ती अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडून राही. जेवण टाकले. विचारले तर डोळ्यांतून पाणी. "माझे आता काय राहिले," एवढेच म्हणत. मला वाटले, माझ्याच काही बोलण्याचा राग धरला आहे. सासू-सुनांत कुठे शब्दाला शब्द होत नाही? मीही मनात अढी धरली आणि दोन आठवडे त्यांच्याशी कामापुरते बोलले. आमचे 'हे' म्हणाले, वय झाले की असे होतेच. रात्रीचे दूध मात्र मी एकदाही चुकविले नाही.

एके सकाळी आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. नशिबाने हाड मोडले नाही. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ती फार मंद होती, दाबही फार उतरलेला. त्यांनी शांतपणे विचारले, "गोळीशिवाय आणखी काय देता?" मी पुडी पुढे केली. त्यांनी मला रागावले नाही. त्या दिवशी रागावले असते तर बरे वाटले असते.

चूर्ण बंद केले. तरी आई लगेच उठून बसल्या नाहीत. पहिल्यासारख्या व्हायला कित्येक आठवडे गेले. एके दिवशी त्यांनी आपण होऊन विचारले, "तुळशीला पाणी घातलेस का ग?" तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग त्यांच्याजवळ बसून सगळे कबूल केले, माझी अढीसुद्धा. त्या म्हणाल्या, "तू चांगल्यासाठीच दिलेस." पण चांगल्यासाठी दिलेलेही अंगावर येते, हे मी तेव्हा शिकले आणि मुलीला म्हटले, या मुळीचे सगळे मला नीट समजावून सांग.

तिने सांगितले ते असे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी अगदी बारीक डब्या असतात, त्यांत निरोप पोचविणारी द्रव्ये भरून ठेवलेली असतात. रिसर्पिन त्या डब्या भरू देत नाही. डब्या रिकाम्या झाल्या की रक्तवाहिन्यांना 'आवळा' हा निरोप पोचत नाही, त्या सैल पडतात आणि दाब उतरतो. पण मेंदूतही अशाच डब्या आहेत. मन प्रसन्न ठेवणारी, हालचाल करविणारी द्रव्येही त्यांत असतात. त्याही रिकाम्या होतात. म्हणून झोप येते, नाक चोंदते, नाडी मंदावते, वाईट स्वप्ने पडतात, पोटात व्रण होऊ शकतो, आणि मोठ्या मात्रेत काही माणसांचे मन खोल खचते. औषध थांबविले तरी डब्या पुन्हा भरायला दिवस लागतात. आई लगेच का उठल्या नाहीत, याचे कारण हे.

ही गोष्ट डॉक्टरांना १९५० नंतरच्या दशकातच दिसू लागली होती. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होत. त्यातूनच उदासीनता हा नुसता स्वभाव किंवा नशीब नसून मेंदूतल्या द्रव्यांशीही तिचा संबंध असेल, हा विचार पुढे आला. स्वीडनचे अर्विड कार्लसन यांनी १९५७ साली दाखविले की रिसर्पिन दिलेले ससे निपचित पडतात आणि एल-डोपा नावाचे द्रव्य दिले की पुन्हा हालचाल करू लागतात. त्यातून कंपवाताचे आजचे औषध मिळाले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आपल्या मुळीच्या गुणाने एका रोगाचे औषध दिले आणि तिच्या दोषाने दुसऱ्या रोगाची वाट दाखविली.

बायकांनी माहीत करून घ्यावे असे आणखी एक आहे. १९७४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात तीन निबंध आले, त्यांत रिसर्पिनमुळे स्तनाचा कर्करोग वाढतो की काय अशी शंका घेतली होती. जगभर घबराट झाली. नंतरच्या तपासण्यांत तो धोका तसा दिसून आला नाही. पण तोवर दुसरी नवी औषधे आली होती, आणि हे औषध हळूहळू मागे पडले. आज डॉक्टर ते क्वचितच देतात, आणि दिले तर फार थोड्या मात्रेत.

मात्रेचा हिशेब मी मुद्दाम मांडून पाहिला. रिसर्पिनची रोजची गोळी पाव मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. चांगल्या मुळीत हजार भागांत एक ते दीड भाग रिसर्पिन असते. मी देत होते ते अर्धा चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम चूर्ण. त्यात एक ते दीड मिलिग्रॅम, म्हणजे चार ते सहा गोळ्यांइतके रिसर्पिन! ते सगळे अंगात उतरत नसेल, पण मी तेवढे घालीत होते, आणि वर डॉक्टरांची गोळी होतीच. शिवाय बाजारच्या मुळीत तिच्याच जातीतल्या दुसऱ्या झाडाची मुळी मिसळतात. मग पुडीत काय आणि किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आमटीत मीठ जास्त पडले तर बटाटा टाकता येतो, इथे तसा उपाय नाही.

म्हणून ही मुळी वाईट, असे मी म्हणत नाही. वैद्य आजही सर्पगंधा देतात, पण ते नाडी पाहून, मात्रा ठरवून, दुसरे काय चालू आहे ते विचारून देतात. त्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही सगळे सांगावे, एवढेच माझे म्हणणे. ज्यांचे मन आधीच खचलेले आहे, ज्यांच्या पोटात व्रण आहे, ज्या पोटुशी आहेत किंवा अंगावर पाजीत आहेत, त्यांनी तर ही मुळी आपल्या मनाने कधीच घेऊ नये. आणि घरातले म्हातारे माणूस एकाएकी गप्प झाले, रडू लागले, तर वय झाले किंवा रुसले म्हणून सोडून देऊ नये. काय औषध चालू आहे ते आधी पाहावे. सापाचेही तसेच. या मुळीने विष उतरते असे सिद्ध झालेले नाही. साप चावल्यास उगाळत बसू नये, थेट सरकारी दवाखाना गाठावा. तिथे विषावरची लस असते, आणि तीच जीव वाचविते.

शेवटी त्या झाडाविषयी दोन शब्द. परदेशांतून मागणी आली तेव्हा जंगलांतून या मुळ्या गाड्याच्या गाड्या उपटून नेल्या. मुळी काढायची म्हणजे झाडच मारायचे. बी फारसे रुजत नाही, वाढायलाही दीड-दोन वर्षे लागतात. त्यामुळे रानातली सर्पगंधा विरळ झाली, आणि १९९० साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली. मागच्या पावसाळ्यात मी माहेरी गेले होते. आजीच्या परसात न्हाणीच्या कडेला एक रोप अजून आहे. त्याची एक मुळी आणून मी आमच्या अंगणात, तुळशीपासून चार हात अंतरावर लावली. तिला तीन-तीन पाने फुटली आहेत. आई सकाळी तुळशीबरोबर तिलाही तांब्याभर पाणी घालतात. फुले आली की पाहायला जरूर या. मुळी मात्र कोणी मागू नये, आणि मागितली तरी मी देणार नाही.